नांव आणि पत

लिहिणाऱ्याचें नांव ठाऊक नसेल, तर त्याच्या शब्दावर विश्वास कां ठेवावा? वृत्तपत्रांपुढें हा प्रश्न फार जुना आहे. त्याचें एक उत्तर लंडनमध्यें मिळालें, दुसरें पॅरिसमध्यें.

२१ जानेवारी १७६९ रोजीं लंडनच्या ‘पब्लिक ॲडव्हर्टायझर’ पत्रांत ‘ज्यूनियस’ या सहीचें एक पत्र प्रसिद्ध झालें. पुढें तीन वर्षें या सहीनें पंतप्रधान ग्राफ्टनपासून खुद्द राजे तिसरे जॉर्ज यांच्यापर्यंत कोणाचीही भीड ठेवली नाहीं. ज्यूनियस कोण, हें गुपितच राहिलें. तरी सही दिसतांच लोक पत्र वाचीत, कारण मागील पत्रांनीं तिची पत वाढविली होती. धोका मात्र दुसऱ्यास पत्करावा लागला. राजास उद्देशून लिहिलेल्या पत्राबद्दल १७७० सालीं मुद्रक वुडफॉल याच्यावर खटला झाला. ज्यूरीनें ‘केवळ छापण्याचा व प्रसिद्ध करण्याचा दोषी’ असा निकाल दिला आणि अखेर तो शिक्षेंतून सुटला.

फ्रान्सनें उलट वाट धरली. १६ जुलै १८५० च्या कायद्यानें राजकीय, तात्त्विक वा धार्मिक चर्चेच्या प्रत्येक लेखाखालीं लेखकाची सही सक्तीची झाली. निनावी लेखक सबंध वृत्तपत्राच्या वजनानें बोलतो, तें वजन काढून घ्यावें, असा पुरस्कर्त्यांचा हेतु होता. परंतु त्याच कायद्यानें वृत्तपत्रांवर मुद्रांककरही बसविला. तेव्हां या सक्तीमागें सत्याच्या कळकळीपेक्षां लगाम घालण्याची इच्छाच अधिक होती, असें म्हणावें लागतें.

याच सुमारास, १८४८ पासून, मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रांत ‘लोकहितवादी’ या नांवानें पत्रें येऊं लागलीं. त्यांची संख्या पुढें १०८ झाली. लेखक गोपाळ हरि देशमुख सरकारी नोकर होते, आणि स्वतः ब्राह्मण असून ब्राह्मणांच्याच दोषांवर प्रहार करीत होते. पॅरिसचा नियम मुंबईस लागू असता, तर यांतील किती पत्रें लिहिलीं गेलीं असतीं?

खऱ्या नांवानें जबाबदारी निश्चित होते. पत मात्र एकेका पत्रानें मिळवावी लागते, आणि सही बदलली कीं ती पुन्हां आरंभापासून मिळवावी लागते. पण टोपणनांवाची पत टिकावयाची, तर वुडफॉल किंवा ‘प्रभाकर’कार भाऊ महाजन यांच्यासारखा कोणी तरी आपल्या उघड नांवानिशीं त्याच्या पाठीशीं उभा असावा लागतो.