अर्भकांची नोंदवही

अठराव्या शतकात लंडन शहरी टाकून दिलेल्या अर्भकांच्या संगोपनार्थ जी संस्था निघाली, तिचा उल्लेख परोपकाराच्या इतिहासात नेहमी गौरवाने होतो. तो अस्थानी आहे असे नाही. थॉमस कोरम या वृद्ध नाविकाने सतरा वर्षे खटपट करून १७३९ साली तिच्यासाठी राजाची सनद मिळविली, आणि १७४१ च्या मार्च महिन्यात हॅटन गार्डनमधील एका घरात पहिली तीस मुले घेतली गेली. परंतु त्या संस्थेचे महत्त्व आम्हांस तिच्या औदार्यापेक्षा तिच्या दप्तरात अधिक दिसते.

१७५६ साली पार्लमेंटने तिला दहा हजार पौंड दिले. अट एवढीच की येईल ते मूल घेतले पाहिजे. दारावर टोपली टांगली गेली. आणणाराला नाव विचारीत नसत; मुलाच्या अंगावरील वस्त्राचा तुकडा कापून नोंदीच्या कागदाला टाचीत, हेतू हा की पुढे कधी ओळख पटविता यावी. पहिल्याच दिवशी ११७ मुले आली. १७६० च्या मार्चपर्यंत ती संख्या १४,९३४ वर गेली, आणि त्यांपैकी उमेदवारीस लावण्याच्या वयापर्यंत पोचली ती अवघी ४,४०० च्या आसपास! पार्लमेंटने हात आखडता घेतला. संस्थेची नाचक्की झाली खरी. पण ती होऊ शकली, कारण प्रत्येक मुलास क्रमांक होता व प्रत्येक क्रमांकास कागद होता.

शहरातील पॅरिशांच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार पाडलेल्या स्थानिक विभागांच्या, दरिद्रीगृहांत तशी एकसारखी नोंदच नव्हती. मूल दगावले की त्याचा खर्च वाचे, आणि विचारणारा कोणी नसे. हे विचारण्याचे काम जोनास हॅन्वे याने अंगावर घेतले. इराणपर्यंत व्यापारासाठी फिरून आलेला, लंडनच्या रस्त्यांत छत्री घेऊन हिंडून लोकांचे हसे सोसणारा हा गृहस्थ कोरमच्या संस्थेचा एक कारभारीही होता. त्याच्या खटपटीने १७६२ साली कायदा झाला: प्रत्येक पॅरिशने आपल्या हाती असलेल्या चार वर्षांखालील मुलांची वार्षिक नोंदवही ठेवावी. पुढे १७६६ साली त्याने पुस्तक काढून आकडे लोकांपुढे मांडले. सेंट क्लेमेंट डेन्स या पॅरिशातील एका दाईकडे १७६५ साली दिलेल्या २३ मुलांपैकी १८ मेली होती. १७६७ साली दुसरा कायदा आला, आणि लहान मुलांना शहराबाहेर किमान तीन मैलांवर दाईकडे ठेवणे भाग पडले.

येथे कोणी म्हणेल की अशा संस्थांना गुप्तताच हवी. १८६३ साली महात्मा फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेही आईचे नाव झाकण्याच्या अभयावरच उभे होते. आक्षेप वजनदार आहे; पण आईचे नाव झाकणे निराळे आणि मुलाचे काय झाले ते झाकणे निराळे. हॅन्वेला हा भेद कळला होता. संस्थाचालकांस मात्र, आमच्या समजुतीने, तो आजही गैरसोयीचाच वाटतो.

कोरमच्या संस्थेतील कापडाचे ते हजारो तुकडे लंडनच्या दप्तरखान्यात अद्याप कागदांना टाचलेले आहेत. १७६२ पूर्वी पॅरिशांत मेलेल्या कित्येक मुलांची मात्र एवढीही खूण उरलेली नाही.