दक्षिण कोकण 'दुर्गम' कधी झाले? पाऊस, समुद्र आणि एका किनाऱ्याचा इतिहास

१/
नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रिटिश फौजांनी मंडाले ताब्यात घेतले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा पदच्युत झाला. त्याला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. तीस वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, तो रत्नागिरीतच मरण पावला. या गावाला तेव्हा रेल्वे नव्हती. पाठीशी सह्याद्री होता आणि समोरचा समुद्र पावसाळाभर बंद असे. नजरकैदेतील राजासाठी याहून सोयीचे ठिकाण सापडणे कठीण होते.

२/
याच किनाऱ्यावर, रत्नागिरीच्या उत्तरेस, दाभोळ आहे. थिबाच्या चारशे वर्षे आधी, इ.स. १४७० च्या दशकात, अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी बहमनी राज्य पाहून मायदेशी निघाला, तो याच बंदरातून जहाजात बसून. जो किनारा एके काळी राज्याचे प्रवेशद्वार होता, तोच पुढे राजाला दूर ठेवण्याची जागा ठरला. या चार शतकांत पाऊस बदलला नाही, समुद्रही बदलला नाही. मग बदलले काय?

३/
आधी भूगोल. आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हे (१९८१ पर्यंत हा एकच जिल्हा होता) म्हणजे सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधली सरासरी पन्नास-साठ किलोमीटर रुंदीची पट्टी. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि येथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथ्यावरील आंबोलीत तो ७००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. घाट ओलांडून पूर्वेकडे गेले की काही तासांच्या वाटेवर दुष्काळी माण आणि सोलापूरचा मुलूख लागतो.

४/
ज्येष्ठात नैऋत्येचा वारा सुटला की शिडाची जहाजे किनाऱ्यावर टिकत नसत. खाड्यांच्या मुखाशी लाटा फुटत आणि बंदरात शिरणे जिवावर बेतत असे. पोर्तुगीजांच्या कागदपत्रांत या ऋतूला 'हिवाळा' म्हटले आहे. ऊन-थंडीशी त्याचा संबंध नव्हता. जहाजे नांगरून ठेवण्याचा काळ तो हिवाळा, असा त्यांचा हिशेब. मराठ्यांच्या आरमारातील गुराबे आणि गलबतेही पावसाळ्यापूर्वी खाड्यांत आत घेतली जात. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी आजही पाहता येते.

५/
हे दार चार महिने बंद असले तरी उरलेले आठ महिने ते सताड उघडे असे. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून घोडे आणि खजूर येत. दख्खनचे कापड बाहेर जाई. इंग्रजांची वखार राजापुरास होती; १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले तेव्हा तेथील इंग्रज कैद झाले. डचांनी वेंगुर्ल्यात वखार उभारली. तिचे भग्नावशेष अजून उभे आहेत. ज्या मुलखात युरोपातल्या कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करीत वखारी बांधतात, तो मुलूख आडवळणाचा कसा म्हणावा?

६/
या बंदरांचे खरे बळ त्यांच्या पाठीमागच्या घाटवाटांत होते. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कऱ्हाड, राजापूरहून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर, वेंगुर्ल्याहून राम घाटाने बेळगाव. वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे घाटावरचे धान्य खाली आणत आणि मीठ, नारळ, सुपारी, सुके मासे वर नेत. खाडीतून जितके आत जाता येईल तितके गलबत जाई. जिथे खाडी उथळ होई तिथे पेठ वसे. चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही सारी गावे समुद्रापासून आत, खाडीच्या शेवटाशी आहेत, ती याच कारणाने.

७/
वर्षाची अशी दोन भागांत वाटणी झाल्यामुळे येथले सारे जीवन एका शब्दाभोवती फिरत राहिले: आगोट. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. चैत्र-वैशाखात आगोटीची बेगमी सुरू होई. भात कणगीत किंवा पेंढ्याने आवळून बांधलेल्या मुड्यांत भरले जाई. बोंबील, सुकट, सोडे वाळवले जात. बांगडे खारवले जात. आमसुले, फणसाची आणि आंब्याची साठे, कुळीथ, मीठ, जळण हे सारे मृग लागण्याआधी घरात यावे लागे. एकदा समुद्र बंद झाला की घरात जे असेल त्यावरच चार महिने काढायचे.

८/
घरही दरवर्षी नव्याने पावसाला तयार करावे लागे. गवताचे छप्पर शाकारायचे, कौले असतील तर ती परतायची, पश्चिमेकडच्या भिंतींना झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. भिंती जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या असत, आणि मातीची भिंत भिजली की घर बसले. पुढे-मागे उतरत्या छपराची रुंद पडवी कोकणी घराला असते ती हौसेखातर नव्हे. पावसाळ्यात भात कांडणे, जाळी विणणे, जनावरे बांधणे आणि माणसे बसणे, सारे तिथेच चाले.

९/
शेतीची सुरुवात पावसाच्या आधी, आगीने होई. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण जमिनीवर पसरून जाळायचे. यालाच राब किंवा भाजावळ म्हणतात. त्या भाजलेल्या जागेवर भाताचे रोप तयार करायचे आणि मुसळधार पावसात चिखलणी करून त्याची लावणी करायची. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी आणि हरीक पिके. काही वर्षांनी ती जमीन पडीक ठेवावी लागे. लावणीच्या बायका दिवसभर कमरेत वाकून काम करीत आणि पाठीवर बांबूच्या कामट्यांचे, पानांनी मढवलेले इरले असे. दोन्ही हात मोकळे ठेवणारे असे साधन छत्रीला कधीच होता आले नाही.

१०/
एवढ्या पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात विहिरी आटत, हे बाहेरच्यांना पटत नसे. कारण पायाखालच्या दगडात आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून मुरून झऱ्यांवाटे निघून जाते. उरलेले लहान, उताराच्या नद्या भराभर समुद्राला मिळवतात. सड्यावर तर मातीचा थरही नावापुरताच. म्हणून पाऊस भरपूर असूनही एकच पीक, आणि तेही वर्षभर पुरेल याची खात्री नाही.

११/
साठवण सर्वांची सारखी नसे. आषाढ-श्रावणात गरिबाची कणगी रिकामी होई आणि त्याला खोताच्या किंवा सावकाराच्या दारात जावे लागे. धान्य सवाईने किंवा दिढीने मिळे, म्हणजे पीक आल्यावर सव्वापट अथवा दीडपट परत करायचे. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीदार. कुळाच्या पिकातून अर्धेल म्हणजे निम्मा किंवा तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा तो घेई, वर वेठही करून घेई. समुद्र बंद आणि घाट निसरडे अशा दिवसांत दुसरीकडे कुठे जाण्याची सोयही नसे. पावसाने घातलेला वेढा सर्वांना सारखाच होता, पण त्यातून सुटण्याची किंमत कुळानेच मोजली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले.

१२/
तरीही हे चार महिने नुसते सोसण्याचे नव्हते. पहिल्या पुरात ओढ्याने वर सरकणारे चढणीचे मासे पकडायला अख्खी वाडी रात्री बाहेर पडे. कातळावर आणि बांधावर टाकळा, भारंगी, कुड्याच्या शेंगा, अळंबी उगवे, आणि शिळ्या साठवणीला ताज्या भाजीची जोड मिळे. श्रावण पौर्णिमेला मच्छीमार समुद्राला नारळ अर्पण करीत आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटत. नारळी पौर्णिमा हा या किनाऱ्याच्या व्यवहाराचा दिवस होता: बंद दार किलकिले होण्याचा. त्यानंतर गौरी-गणपती, भातकापणी, कार्तिकापासून जत्रा आणि रात्ररात्र चालणारी दशावतारी नाटके, आणि फाल्गुनात शिमग्याच्या पालख्या. वर्षाचा हा सारा क्रम भात आणि समुद्र या दोघांनी ठरवलेला होता.

१३/
आता मूळ प्रश्नाकडे. किनाऱ्याची उतरण एका दिवसात झाली नाही. मुंबईचे बंदर वाढत होते आणि खाड्या गाळाने भरत होत्या. पण निर्णायक घाव समुद्राकडून आला नाही, तो सह्याद्रीच्या माथ्यावर पडला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये ती बोर घाट चढून गेली. दख्खनचा कापूस आणि धान्य आता थेट मुंबईला जाऊ लागले. १८८८ मध्ये मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्यामागचा मुलूखही त्या दिशेला वळला. बैलांचे तांडे थांबले. बंदरे जागेवर राहिली; त्यांच्या पाठीमागचा देश मात्र दुसऱ्या वाटेने निघून गेला.

१४/
'दुर्गम' हे विशेषण कोकणाला येथून चिकटले. पूर्वी चार महिने बंद राहणारे दार आता उरलेल्या आठ महिन्यांतही कोणी ठोठावीनासे झाले. माल जाणे थांबले तशी माणसे जाऊ लागली. प्रथम ती भातकापणीनंतर मुंबईला जाऊन पावसाच्या तोंडावर लावणीसाठी परत येत. गिरण्या वाढल्या तशी वर्षभर तिथेच राहू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत बाहेरून आलेल्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्याचे लोक सर्वाधिक होते. १८८० पासून टपाल खात्यामार्फत मनीऑर्डर येऊ लागली आणि गावातल्या चुलीचा हिशेब गिरणीच्या पगाराशी जोडला गेला. लावणी, बांध, जनावरे आणि म्हातारी माणसे हे सारे बायकांच्या हाती आले. 'चाकरमानी' या एका शब्दात हा सारा इतिहास साठला आहे.

१५/
ही माणसे आगबोटीने ये-जा करीत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट जाई. बहुतेक ठिकाणी धक्का नसल्यामुळे ती दूर उभी राही आणि बायका-मुले, ट्रंका, कोंबड्या पडावातून तिच्यापर्यंत नेल्या जात. मेअखेर ही वाहतूक बंद होई. शेवटची बोट चुकली तर घाटमार्गे पायपीट, नाहीतर चार महिने थांबणे. मरणाची बातमी पोहोचे, पण माणूस वेळेवर पोहोचत नसे.

१६/
मुंबईलगतचे छोटे फेरे मात्र पावसातही चालत. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, 'रामदास' ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून समोरच्या रेवसकडे निघाली. वादळी वाऱ्यात ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बहुतेक जण सणासाठी घरी निघालेले होते. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता; कोकणातल्या अनेक घरांनी तो ऑगस्ट सुतकात पाहिला. गावी जाण्याची ओढ आणि पावसाळी समुद्र यांची गाठ पडली की काय होते, हे या किनाऱ्याला पुन्हा कधी सांगावे लागले नाही.

१७/
पुढे रस्ते आले, खाड्यांवर पूल झाले, आगबोटी इतिहासजमा झाल्या. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. मुंबई-ठाण्याच्या पहिल्या गाडीनंतर तब्बल १४५ वर्षांनी. ज्या लोहमार्गाने या किनाऱ्याला एकटे पाडले, तोच अखेर त्याच्या दारातून गेला. गणपतीला भरभरून जाणाऱ्या गाड्या हा त्या जुन्या स्थलांतराचाच पुढचा अध्याय आहे.

१८/
पाऊस मात्र आपला हक्क सोडत नाही. दरवर्षी जूनमध्ये कोकण रेल्वेचे वेगळे पावसाळी वेळापत्रक लागू होते आणि गाड्यांचा वेग उतरतो. १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित नौकांना मासेमारी बंद असते. आगोटीचे चार महिने आजही सरकारी कागदावर उमटतात. कोकणाने या चार महिन्यांशी फार पूर्वीच जुळवून घेतले होते. त्याला दुर्गम केले ते उरलेल्या आठ महिन्यांचे रस्ते दुसरीकडे वळवणाऱ्या माणसांच्या निर्णयांनी. एखाद्या प्रदेशाला नकाशावर 'आडबाजूचा' म्हणण्यापूर्वी एवढे विचारावे: ती बाजू आडवी कोणी पाडली, आणि केव्हा?