घरबसल्या मतदान आणि मतपेटीचा धडा

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराने मतपत्रिकेवर कसलीही खूण करायची नव्हती. १९५१-५२ साली बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवलेली असे. पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे आणि आडोशामागे जाऊन कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकली की मत दिले गेले. त्यासाठी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बारा लाखांहून अधिक पोलादी पेट्या तयार झाल्या. पेट्या भक्कम होत्या, पण पद्धतीत एक भोक राहून गेले होते. आडोशामागे गेलेला मतदार ती कोरी मतपत्रिका पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणू शकत होता. बाहेर उभा असलेला दलाल अशा मतपत्रिका विकत घेई आणि आपल्या माणसाकरवी एकगठ्ठा पेटीत टाकवून घेई. म्हणून १९६२च्या निवडणुकीत सर्व उमेदवारांची एकच मतपत्रिका, एकच पेटी आणि रबरी शिक्का ही पद्धत देशभर रूढ झाली. शिक्क्याची बाणफुलीही विचारपूर्वक निवडलेली होती. घडी घालताना शाई पलीकडे उमटलीच, तर तो ठसा उलटा दिसतो आणि खरा शिक्का कोणता हे मोजणाऱ्याला कळते.

आपल्याकडे मतदानाची रीत जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा तिला दोन कसोट्यांना उतरावे लागले. आपण कोणाला मत दिले हे मतदाराला दुसऱ्यापुढे सिद्ध करता येऊ नये, ही पहिली. कारण जे सिद्ध करता येते ते विकताही येते आणि धाकाने काढूनही घेता येते. इंग्लंडमध्ये १८७२पर्यंत मत उघडपणे नोंदवले जाई आणि कुळाने कोणाला मत दिले हे जमीनदाराला कळे. गुप्त मतदानाचा कायदा झाला तो ही दहशत मोडण्यासाठी. दुसरी कसोटी हरलेल्या उमेदवाराची. निकाल बरोबर आहे याची त्याला स्वतःच्या डोळ्यांनी खातरजमा करता आली पाहिजे. मतदान यंत्रांना नेमका याच कसोटीवर झगडावे लागले. १९८२ साली केरळात परवूर मतदारसंघातल्या पन्नास केंद्रांवर ती प्रथम वापरली गेली. कायद्यात तशी तरतूदच नसल्याने १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवले. १९८९मध्ये तरतूद झाली, तरी शंका मिटल्या नाहीत. शेवटी २०१३ साली याच न्यायालयाने कागदी पुराव्याची गरज मान्य केली आणि काचेआड सात सेकंद दिसणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी आली. यंत्र स्वीकारले गेले ते कागदाचा हात धरूनच.

ऑनलाइन मतदान या दोन्ही कसोट्यांवर एकाच वेळी अडखळते. मोबाइलवर मत देताना शेजारी नवरा, मुकादम किंवा गल्लीतला कार्यकर्ता उभा आहे का, हे निवडणूक आयोगाला दिसत नाही. आडोसा राखण्याची सरकारची जबाबदारी एकट्या मतदाराच्या गळ्यात पडते. मोजणीचीही तीच गत. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराने २०१० साली आपली ऑनलाइन यंत्रणा चाचणीसाठी खुली केली, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या चमूने ४८ तासांच्या आत तिचा ताबा घेऊन मते बदलली. अधिकाऱ्यांना त्याचा पत्ता लागायला जवळपास दोन दिवस गेले, तोही चमूने मुद्दाम आपल्या विद्यापीठाचे गीत वाजते ठेवले होते म्हणून. खरा चोर गाणे लावून जात नाही.

कोट्यवधी रुपये रोज मोबाइलवरून फिरतात, मग मत का नाही, असे विचारले जाते. पण पैशाच्या व्यवहारात देणारा, घेणारा आणि रक्कम यांची नोंद राहते. चूक झाली तर पासबुक दाखवून दाद मागता येते. मतापासून मतदाराचे नाव तोडावेच लागते, त्यामुळे दाद मागायला हातात काहीच उरत नाही.

एस्टोनियाचा दाखला याहून वजनदार आहे. तिथे २००५पासून ऑनलाइन मतदान होते आणि २०२३च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते तसेच आली. दबाव टाळण्यासाठी मतदाराला मत पुन्हा देता येते, शेवटचे तेवढे धरले जाते आणि केंद्रावर जाऊन दिलेले कागदी मत ऑनलाइन मताला रद्द करते. उपाय हुशारीचा आहे. पण त्यामागे प्रत्येक नागरिकाचे चिप असलेले ओळखपत्र आणि जेमतेम तेरा-चौदा लाखांची वस्ती आहे. तरीही २०१७मध्ये त्या ओळखपत्रांच्या चिपमध्येच गंभीर दोष निघाला. नॉर्वेने २०११ आणि २०१३मध्ये प्रयोग केले आणि पुढे ते थांबवले.

सर्वांत खरा आक्षेप मात्र स्थलांतरितांचा आहे. २०२४ साली महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले, म्हणजे ऊसतोडणीचा हंगाम सुरू होण्याच्या दिवसांत. कोयता घेऊन दूरच्या कारखान्यावर निघालेल्या बीडच्या जोडप्याने मतासाठी गावी परतावे, ही अपेक्षा निर्दयच आहे. पण या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्यांच्या हाती मोबाइलवरचे मत दिले, तर ते मुकादमाच्या नजरेखाली पडण्याची भीती सर्वांत जास्त तिथेच आहे. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये सुचवलेले दूरस्थ मतदान यंत्र म्हणूनच अधिक विचार करण्याजोगे आहे. इंटरनेटला न जोडलेल्या त्या एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल, अशी ती योजना होती. राजकीय पक्षांनी तिच्यावर शंका घेतल्या आणि त्यांची उत्तरे द्यावीच लागतील. पण साखर कारखान्याजवळ असे केंद्र उघडले तर आडोसाही राहतो आणि उमेदवारांचे प्रतिनिधीही समोर बसतात. मतदाराचे अंतर कमी करायचे असेल, तर केंद्र त्याच्यापर्यंत न्यावे. केंद्रच मोडून ते अंतर मिटवले, तर १९६२ साली बुजवलेले भोक आपण पुन्हा पाडू, आणि या वेळी मतपत्रिका खिशात घालून बाहेर आणण्याचेही कष्ट कोणाला पडणार नाहीत.