घबराहटीची नोंद

१९८५ सालच्या सुरुवातीच्या महिन्यांत लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजातले डॉ. बी. बी. सेठी आणि त्यांचे सहकारी भोपाळला आले. वायुगळती होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. वायुग्रस्त वस्त्यांमधल्या दहा दवाखान्यांत खोकला, डोळ्यांची जळजळ, धाप अशा तक्रारी घेऊन आलेल्या ८५५ माणसांना त्यांनी एक साधी, हो-नाही उत्तरांची प्रश्नावली दिली. झोप लागते का, हात थरथरतात का, सहज दचकायला होतं का, रोजची कामं जड जातात का, असे प्रश्न. उत्तरांवरून २५९ जणांना मानसिक त्रास असावा असं वाटलं. त्यांतले ४४ पुढच्या तपासणीला आलेच नाहीत. उरलेल्या २१५ पैकी १९३ जणांना खरोखरच आजार निघाला. म्हणजे शेकडा साडेबावीस. आणि या १९३ मध्ये शंभरातल्या एक्याऐंशी बाया होत्या, बहुतेक पंचेचाळिशीच्या आतल्या. चौथा हिस्सा निव्वळ चिंतारोगाचा होता, त्याहून मोठा हिस्सा उदासीचा.

मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा अडखळले ते त्या ४४ वर. त्या का आल्या नसतील? घरी लेकरू आजारी असेल, रेशनची रांग असेल, नवऱ्याने ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला’ म्हटलं असेल. कागदावर त्यांच्यापुढे एवढंच आहे की त्या आल्या नाहीत.

त्या वेळी मध्य प्रदेशात पाच मेडिकल कॉलेजं होती आणि त्यांतल्या एकातही मनोविकारतज्ज्ञ नव्हता. म्हणून तर लखनौहून, बंगळूरहून माणसं यावी लागली. कायदासुद्धा १९१२ सालचा, इंग्रजांचा ल्युनसी ॲक्ट. त्याला माणूस एकतर शहाणा ठाऊक, नाहीतर कुलपाआड ठेवायचा वेडा. रात्री दोनला छातीत धडधडून उठणारी, दाराची कडी तीनदा तपासणारी, पण सकाळी पोळ्या लाटणारी बाई त्या कायद्यात कुठेच बसत नव्हती. राज्यात मानसिक इस्पितळं होती ती ग्वाल्हेरला आणि इंदूरला, म्हणजे शिंद्यांच्या आणि होळकरांच्या गावी. मराठी घरांत जसं ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात तसं आमच्याकडे ग्वाल्हेरचं नाव घेत. थट्टेतच, पण कोणाला एकदा ते नाव चिकटलं की पुढे तिच्या मुलींची लग्नं अडायची.

इथे आमच्या लोकांबद्दल थोडं सांगते. १९५६ च्या नोव्हेंबरात नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी बिऱ्हाडं फायलींबरोबर इकडे आली. माझे सासरे त्यांतलेच. मागोमाग हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यानेही पुष्कळांना ओढलं. ही सगळी वस्ती नव्या भोपाळात. वायू वाहत गेला तो कारखान्यापासून दक्षिणेकडे, स्टेशन आणि जुन्या शहरावर. छप्पन्न वॉर्डांपैकी छत्तीस वायुग्रस्त ठरले. आमच्या बाजूला त्या रात्री आली ती पळत आलेली माणसं. सासूबाई सांगायच्या, पहाटे ओसरीवर अनोळखी बाया बसल्या होत्या, डोळ्यांवर ओले पदर धरून, आणि एकही बोलत नव्हती. ४० टनांच्या आसपास मिथाइल आयसोसायनेट सुटलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. बायांना कळत होतं ते एवढंच की श्वास घेतला तर मरतो आणि नाही घेतला तरी मरतो. ज्यांनी हे भोगलं त्यांना पुढे वर्षानुवर्षं नुसती धाप लागली तरी तीच रात्र परत येत असेल, तर त्यात नवल काय?

या बाया दवाखान्यात जे सांगत त्याला एकच शब्द होता, घबराहट. ‘जी घबराता है.’ डॉक्टर छातीला नळी लावत, एक्स-रे काढत, आणि फोटोत काही दिसलं नाही की पुढचा नंबर. त्यात नुकसानभरपाईचा विषय आला. मग घबराहट म्हणजे पैशांसाठीचं नाटक, असंही बोललं जाऊ लागलं. त्याला इंग्रजीत ‘कंपेन्सेशन न्यूरोसिस’ असं भारदस्त नाव होतं. मला या नावाचा राग येतो. १९८९ च्या फेब्रुवारीत युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि ती रक्कम साडेपाच लाखांवर माणसांत वाटली गेली. एकेकीच्या हाती काय पडलं याचा हिशेब करावा आणि मग सांगावं, त्यासाठी कोण वर्षानुवर्षं झोप सोडील!

सगळंच वाईट घडलं असंही नाही. बंगळूरच्या निम्हान्समधले डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी व्यवहारी गोष्ट केली. मनोविकारतज्ज्ञ एका रात्रीत तयार होत नाहीत, पण वस्तीतल्या दवाखान्यात बसणारे साधे डॉक्टर तर आहेत. अशा पन्नासच्या आसपास डॉक्टरांना त्यांनी प्रशिक्षण दिलं. ऐकायचं कसं, दुःख कोणतं आणि आजार कोणता, झोपेची गोळी कधी द्यायची आणि कधी नाही. त्यांच्यासाठी पुस्तिका काढली. आज जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात हेच केलं जातं. पुढे १९९६ पासून बेरसिया रोडवरच्या संभावना ट्रस्टच्या दवाखान्यात औषधांच्या जोडीला योग आणि पंचकर्मही मिळू लागलं. २००० साली भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, त्यात मनोविकार विभाग होता. म्हणजे या शहरात भीतीवर उपचार शोधण्याचा रस्ता जुन्या भोपाळातल्या, बुरख्यातल्या आणि डोक्यावर पदर घेतलेल्या गरीब बायांनी आधी तुडवला. आम्ही नव्या भोपाळातल्या शिकल्यासवरल्या त्यावरून फार उशिरा चाललो.

आमचा रस्ता निघतो महाराणा प्रताप नगरात. पूर्ण नाव कोणी घेत नाही, एमपी नगर. झोन एक, झोन दोन. बँका, विम्याच्या कचेऱ्या, वर्तमानपत्रांचा प्रेस कॉम्प्लेक्स, आणि प्रत्येक जिन्यावर नीट-जेईईच्या क्लासची पाटी. याच जिन्यांवर गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या पाट्या लागल्या आहेत. सुरुवातीला त्या क्लासच्या मुलांसाठी होत्या. आता दुपारी तिथे आयाच जास्त दिसतात. एमपी नगरचा एक मोठा फायदा आहे. तिथे जाणाऱ्या बाईला कोणी ‘कुठे निघालीस’ विचारत नाही. सगळ्यांचंच तिथे काही ना काही काम असतं. ‘बँकेत जाऊन येते’ म्हटलं की झालं. (शूर राण्याच्या नावच्या नगरात आम्ही घाबरतो म्हणून सांगायला जातो, याची गंमतही वाटते.)

मी जाऊ लागले ती २०२१ च्या उन्हाळ्यानंतर. त्या एप्रिल-मेमध्ये आमच्या ओळखीत इतकी माणसं गेली की फोन वाजला की माझे तळहात ओले व्हायचे. साथ ओसरली, फोनचं भय गेलं नाही. मग छातीत धडधड, जिभेला कोरड, आता आपण पडणार अशी खात्री. दोनदा ईसीजी झाला, दोन्ही स्वच्छ. एका हृदयरोगतज्ज्ञांनी सरळ सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, मनाच्या डॉक्टरला भेटा. ते वाक्य त्यांनी इतक्या सहज उच्चारलं, जणू चष्म्याचा नंबर तपासा म्हणत आहेत. तसं म्हणणारे डॉक्टर भेटणं हे मी माझं पुण्य समजते.

तिथे जे शिकवतात त्यालाही इतिहास आहे. दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली मांडलं की भीतीच्या गोष्टीकडे शरीर सैल ठेवून, पायरी पायरीने जाता येतं. साठच्या दशकात फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांच्या लक्षात आलं की भीतीच्या आधी मनात एक झटकन येणारा विचार असतो, आणि माणूस तो न तपासता खरा धरतो. त्या विचाराला पकडून कागदावर लिहायचं. माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे, ‘फोन = कोणीतरी गेलं.’ शेजारी, आठवड्यात किती फोन आले आणि त्यांतले किती वाईट बातमीचे. एकेचाळीसपैकी एकही नाही. नऊ तर बँकेचे कर्ज विकणारे. मग हळूहळू फोन दुसऱ्या घंटीला उचलायचा, पहिल्या घंटीला उचलायचा. त्यात जादू काही नाही, गणिताच्या गृहपाठासारखं आहे आणि तितकंच कंटाळवाणं. भाषेची अडचण होती. माझ्या ताईंना (मी त्यांना ताईच म्हणते) मराठी येत नाही. धाकधूक हिंदीत कशी सांगू म्हणून मी अडले, तर त्याच म्हणाल्या, ‘धुकधुकी?’ त्या दिवशी मला अर्धं बरं वाटलं.

आमच्या समाजात याला उत्तर तयार असतं. ‘हे आर्तध्यान आहे, स्वाध्याय वाढव, सामायिक कर.’ सांगणाऱ्या मायेनेच सांगतात. पण तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे चार प्रकार आहेत, आणि त्यांत वेदनेचं एक वेगळं आहे: दुखणं जावं म्हणून मन त्याच त्या दुखण्याभोवती फिरत राहतं. आचार्यांनी मनाची ही गत इतकी नेमकी ओळखली होती. बाईला ‘तू आर्तध्यान करतेस’ एवढं म्हणून सोडून देणं म्हणजे तापलेल्याला ‘तुला ताप आहे’ सांगण्यासारखं झालं. सामायिक मी करते, अठ्ठेचाळीस मिनिटांचं. ताईंकडचं सत्रही जवळपास तेवढंच असतं. दोन्हीकडे मला घड्याळ बघायची सवय आहे, हेही सांगून टाकते.

त्याहून जवळची वाटते ती आलोचना. भगवती आराधनेत आलोचनेचे दहा दोष दिले आहेत. गुरूपुढे बारीकसारीक तेवढं सांगून मोठं लपवणं हा एक दोष; गलबल्यात सांगणं, म्हणजे सांगितल्यासारखं होईल आणि ऐकूही जाणार नाही, हा दुसरा. ताईंना मी ही यादी सांगितली तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, पहिल्या तीन भेटींत बहुतेक जणी हेच करतात. सुनेचं सांगतात, मुलाच्या मार्कांचं सांगतात, आणि उठून दाराशी गेल्यावर खरं काय ते बोलतात. आलोचना दोषाची असते आणि आजार हा दोष नाही, हा फरक मला पक्का ठाऊक आहे. पण बोलायची रीत आपल्याकडे अनोळखी नव्हती, एवढंच दाखवायचं आहे.

आता मंदिरात मला बाजूला घेऊन विचारतात त्याबद्दल. गोळी लागते का? सगळ्यांना नाही लागत. मला आठ महिने लागली. ती मनोविकारतज्ज्ञच देतात, समुपदेशक देत नाहीत. मानसशास्त्रज्ञाकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात संकोच नको. रात्रीचं पाणीही सोडलं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. या आजाराच्या पुष्कळ गोळ्या सकाळी घेता येतात, डॉक्टर वेळ बदलून देतात. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्याच्या हाडा-कातड्यापासूनचं असतं. तेही सांगा, तेच औषध बऱ्याचदा साध्या गोळीत मिळतं. दशलक्षणात उपवास करायचे असतील तर आधी विचारा. आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, ती हळूहळू उतरवावी लागते.

एमपी नगरपर्यंत येणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाला. फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीतूनही बोलता येतं. मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या फळ्यावर मी तो लिहिला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुसला होता. मी पुन्हा लिहिला. चार दिवसांनी बघितलं, तर नंबर होता आणि त्याच्याखाली दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात लिहिलं होतं, ‘दुपारी लवकर लागतो.’