गेमिंग कॉम्प्युटरला स्टोरेज कंट्रोलर कार्ड लागतं का?

गेमिंग कॉम्प्युटर जुळवून घेताना कोटेशनमध्ये कधी कधी स्टोरेज कंट्रोलर कार्डही दिसतं. बहुतेकांना त्याची गरज नसते.

हे कार्ड मदरबोर्डला जास्तीच्या डिस्क जोडतं. त्याची खरी जागा सर्व्हरमध्ये. घरगुती बोर्डवर साधारण ४ ते ६ साटा पोर्ट आणि एक-दोन एम.२ स्लॉट असतातच. एनव्हीएमई एसएसडीचा कंट्रोलर तर तिच्यावरच असतो.

साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, पीसीआयई ४.० ची चांगली एनव्हीएमई ७,००० एमबीपर्यंत जाते. त्याने गेम लवकर उघडतो. एफपीएस मात्र मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवर ठरतो. उलट काही बोर्डवर दुसऱ्या स्लॉटमध्ये कार्ड बसवलं की ग्राफिक्स कार्डच्या १६ लेनच्या ८ होतात.

वेगासाठी 'रेड ०' लावून दोन डिस्क जोडल्या आणि एक बिघडली, तर दोन्हींवरचा डेटा गेलाच समजा.

एक गोष्ट तपासा. काही बोर्डवर एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो. डिस्क दिसत नाही म्हणून कार्ड घ्यायला धावू नका. आधी मॅन्युअल बघा, केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

सगळे पोर्ट खरंच भरले असतील, तरच साधं साटा कार्ड घ्या. नाहीतर ते पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. गावात लाईट सारखी जात असेल, तर आधी यूपीएस घ्या.