चेसापीकचे शिंपले

अमेरिकेतील चेसापीक उपसागराच्या खाड्यांतून १८८४-८५ च्या हंगामात सुमारे दीड कोटी बुशेल कालवे काढली गेली. मेरीलँड राज्याने १८६५ साली जहाजामागून लोखंडी फावडे ओढण्यास परवाने दिले होते. तीनच वर्षांत पहाऱ्यासाठी सशस्त्र जलपोलीस उभे करावे लागले. चकमकींच्या कथा रंजक आहेत, पण आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो शिंपला.

कालवाचे पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते, मग एखादा कठीण आधार धरून आयुष्यभर तिथेच राहते. त्याचा उत्तम आधार म्हणजे पूर्वजांचे शिंपले. तेच चुन्यासाठी आणि रस्त्यांसाठी नेले गेले. पिकाबरोबर शेतातली मातीही उचलावी, तसे. लहान कालवे व शिंपले परत तळाशी टाकण्याचा कायदा १८९० मध्ये झाला. पुढच्याच वर्षी प्राणिशास्त्रज्ञ विल्यम ब्रुक्स यांनी 'द ऑयस्टर' या पुस्तकात कालवांची शेती करण्याचा आग्रह धरला. खुल्या पाण्यावर जगणाऱ्या मच्छीमारांना तो मानवला नाही.

त्याआधी, १८७७ साली, जर्मन अभ्यासक कार्ल मोबियस यांनी उत्तर समुद्रातील कालवांवर लिहिताना 'बायोसिनोझ', म्हणजे जीवसमुदाय, हा शब्द घडवला होता. परिस्थितिविज्ञानाची ही मूळ संज्ञा मासेमारीच्या हिशोबातून यावी, याची साहित्याच्या अभ्यासकांनी नोंद घ्यावी.

२०१० साली मेरीलँडने राखीव क्षेत्रे बरीच वाढवली. हॅरिस क्रीकमध्ये २०११ ते २०१५ या काळात कालवांचे थर पुन्हा रचले गेले. शिंपले अपुरे पडल्याने काही ठिकाणी दगड टाकावे लागले, आणि खेकड्यांचे दोर त्यांत अडकतात अशी मच्छीमारांची तक्रार आली.