पत्र्याच्या घडीत जपलेले मत
१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली. साहजिकच लाखो पोलादी पेट्या लागल्या. मुलुंडपासून चार स्थानकांवरील विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्याने त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पेट्या घडवल्या. बाहेरचे कुलूप महाग पडू लागले, तेव्हा कारखान्यातीलच एका कारागिराने आतून बंद होणारी कळ योजली.

वाकवलेला पत्रा दाब सुटताच किंचित उलटतो. म्हणून तो हव्या त्या कोनापेक्षा अंमळ अधिक वाकवावा लागतो. आज संगणक-नियंत्रित प्रेस ब्रेक हा हिशेब स्वतः करतो. तेव्हा तो कारागिराच्या अनुभवावर सोपवलेला होता. घडीत फट राहिली असती, तर तिच्यातून अविश्वास आत शिरला असता.